एआयच्या धोरणात काम करायचंय? आधी 'नाही' कुठल्या कागदात लिहिलंय ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "पुण्यात बारा वर्षं सॉफ्टवेअरमधे आहे, शेवटची पाच मशीन लर्निंगमधे. आता एआयच्या सरकारी धोरणावर काम करावं असं मनापासून वाटतंय. दिल्लीला जाऊन पब्लिक पॉलिसीची डिग्री करू का? आणि आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाचं तिथं कुणी ऐकतं का?"

मी गेली सतरा वर्षं हेच करतेय. आधी रेशन आणि पेन्शनच्या योजनांवर एका संस्थेत होते, मग डेटाच्या कायद्यांवर आणि आता एआयवर काम. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ऐकतात. पण कधी ऐकतात आणि कधी तुमचा कागद बाजूला ठेवतात ह्याची एक रीत आहे, ती कुठल्याच कोर्समधे नीट शिकवत नाहीत म्हणून सविस्तर लिहितेय.

नेट न्यूट्रॅलिटीचं, म्हणजे इंटरनेट कंपनीनं सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं ह्या तत्त्वाचं, उदाहरण घ्या, कारण नव्या तंत्रज्ञानाच्या धोरणात सामान्य लोकांनी पारडं फिरवल्याचं आपल्याकडचं एवढं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. मार्च २०१५ मधे ट्राय ह्या दूरसंचार नियामकानं इंटरनेटवरच्या सेवांबद्दल एक लांबलचक पेपर काढला आणि शेवटी वीस प्रश्न विचारून लोकांची मतं मागवली. काही स्वयंसेवकांनी तो पेपर सोप्या भाषेत आणला, विसाच्या वीस प्रश्नांना उत्तरं तयार केली आणि थोड्याच दिवसांत दहा लाखांवर ईमेल गेले. मग डिसेंबर २०१५ मधे ट्रायनं वेगवेगळ्या वेबसाइटना वेगवेगळा डेटा-दर लावावा का ह्यावर दुसरा पेपर काढला, त्यात फक्त चार प्रश्न होते. तेव्हा फेसबुकनं फ्री बेसिक्सच्या, म्हणजे ठरावीक वेबसाइट फुकट दाखवायच्या आपल्या योजनेच्या, बाजूनं आपल्या युजर्सकडून लाखोंनी तयार संदेश पाठवून घेतले. ट्रायनं सांगितलं की ह्यात आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला आणि असे वेगळे दर लावायला बंदी झाली.

ह्यातून लोक "जनशक्ती जिंकली" एवढंच घेतात. पण संख्या तर दोन्ही बाजूंना होती! फरक पडला तो विचारलेल्या प्रश्नाला विचारलेल्या जागी उत्तर होतं की नव्हतं ह्याने. सरकारी यंत्रणेला तुमची भावना फाइलला जोडता येत नाही. उत्तर जोडता येतं.

हे अलीकडेही दिसलंय. १ मार्च २०२४ ला केंद्राच्या आयटी मंत्रालयानं कंपन्यांना सूचनापत्र पाठवलं, की चाचणी पूर्ण न झालेलं किंवा भरवशाचं नसलेलं एआय मॉडेल भारतात लोकांसमोर आणायचं तर सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. बराच गदारोळ झाला, आणि दोन आठवड्यात, १५ मार्चला, नवं सूचनापत्र आलं. परवानगीची अट गेली, लेबल लावायची राहिली. तसंच डीपफेकचं, म्हणजे एआयनं बनवलेल्या खोट्या चित्रा-व्हिडिओंचं. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात म्हटलं होतं की एआयनं बनवलेल्या चित्रावर निदान दहा टक्के जागेत लेबल हवं, फेब्रुवारी २०२६ मधे अंतिम नियम आले तेव्हा ही दहा टक्क्यांची अट नव्हती. म्हणजे मसुदा बदलतो. मसुदा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे.

आता माझं मुख्य म्हणणं. तुमच्यासारखे हुशार इंजिनिअर ह्या क्षेत्रात येतात तेव्हा सगळे कायद्याकडे धावतात. युरोपचा एआय कायदा वाचतात, केंद्राची गाइडलाइन्स वाचतात, परिषदेला जातात, पॅनलवर बसतात. वाचावंच ते, मी नको म्हणत नाही. पण माणसाच्या आयुष्यात एआय कायद्याच्या दारानं येतच नाही, ते टेंडरच्या दारानं येतं. एखादं खातं निविदा काढतं, कुणीतरी कन्सल्टंट दीडशे पानांचा दस्तऐवज लिहून देतो, त्यात पान ८७ वर कुठंतरी एक ओळ असते, आणि त्या ओळीमुळे दोन वर्षांनी कुणाचंतरी नाव यादीतून उडतं.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. एका जिल्ह्यात, नाव सांगत नाही, पेन्शनच्या यादीतले डुप्लिकेट लाभार्थी शोधायला सॉफ्टवेअर आणलं होतं. तहसील कचेरीत गेले तेव्हा बाकावर दोन म्हाताऱ्या बायका शेजारी शेजारी बसलेल्या, एकाच एसटीनं आलेल्या. एकीची पेन्शन तीन महिने बंद होती. क्लार्क स्क्रीन बघून म्हणाला, "आजी, तुमचं नाव डबल दाखवतंय." ती म्हणाली, "डबल कशी असंल मी? ही बसलीये की माझी जाऊ."

झालं काय होतं बघा. दोघींचं नाव एकच, लक्ष्मीबाई. दोघींचे नवरे चुलतभाऊ, आणि दोघांनाही एकाच आजोबांचं नाव ठेवलेलं, आपल्याकडे भावकीत हे सर्रास असतं. आडनाव एक, गाव एक. आणि जन्मतारीख दोघींची १ जानेवारी, कारण ज्या पिढीचा दाखलाच नाही त्यांची आधारला १ जानेवारी टाकून मोकळं व्हायची पद्धत होती. सॉफ्टवेअरनं पाच रकाने जुळवले आणि दोन बायकांची एक बाई केली. क्लार्कला दोघी समोर दिसत होत्या, तो वाईट माणूस अजिबात नव्हता, त्यानं दोघींना चहा सांगितला, पण नाव परत चढवायचं बटण त्याच्या लॉगिनला नव्हतं. वर लिहून पाठवतो म्हणाला. ते "वर" म्हणजे कुठं हे त्यालाही नक्की सांगता येईना.

ती पेन्शन परत सुरू व्हायला अजून सात महिने गेले. मधल्या काळातले पैसे मिळालेच नाहीत.

नंतर मी त्या कामाची निविदा मिळवून वाचली. त्यात लिहिलं होतं की प्रणालीची अचूकता ९८ टक्के असावी. तुम्ही मशीन लर्निंगवाले आहात, तुम्हाला ह्यातली गोम लगेच दिसेल. एक लाख नावं असतील तर ९८ टक्के अचूक म्हणजे २ हजार नावं चुकणार, आणि त्या २ हजारांत खोटे लाभार्थी सुटलेले किती आणि खरी माणसं उडालेली किती, हे त्या एका आकड्यातून कळतच नाही. ह्या दोन चुकांची किंमत सारखी नाही हो. खोटा सुटला तर सरकारचे थोडे पैसे जातात, खरा उडाला तर त्या बाईचं औषध बंद होतं. निविदेत दोन वेगळे आकडे मागितले असते आणि दुसऱ्याची मर्यादा एकदम कडक ठेवली असती तर कंत्राटदाराला सिस्टीम वेगळी बांधावी लागली असती. हे सुचायला कायद्याची डिग्री लागत नाही, तुमचं ज्ञान लागतं. पण त्या टेबलावर त्या दिवशी तुमच्यासारखं कुणी नव्हतं.

मग मी काय केलं तर आधी सगळे करतात तेच. बारा पानांचं निवेदन लिहिलं. अल्गोरिदममधला पक्षपात, पारदर्शकता, उत्तरदायित्व, मानवी देखरेख, सगळे मोठे शब्द त्यात होते. मंत्रालयात एका कक्ष अधिकाऱ्यांनी ते शांतपणे वाचलं, पूर्ण वाचलं, आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं सगळं पटतं. पण मी टिपणीत लिहू काय? मला वाक्य द्या."

मला वाक्य द्या! इतक्या वर्षांत ह्याहून कामाचं मला कुणी काही सांगितलेलं नाही.

घरी येऊन तीन वाक्यं लिहिली, अंदाजे अशी: "केवळ संगणकीय जुळणीच्या आधारे कोणत्याही लाभार्थ्याचे नाव कमी करण्यात येऊ नये. नाव कमी करण्यापूर्वी मंडळ अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष भेट देऊन पडताळणी करावी व लाभार्थ्यास कारण मराठीत लेखी कळवून १५ दिवसांची मुदत द्यावी. मुदतीत हरकत आल्यास निर्णय होईपर्यंत लाभ चालू ठेवावा." पहिल्या मसुद्यात मी "मानवी देखरेख असावी" असं लिहिलं होतं, त्यावर ते कक्ष अधिकारी म्हणाले मानवी म्हणजे कोण, पदनाम लिहा, नाहीतर उद्या कुणीच जाणार नाही आणि सगळे म्हणतील देखरेख होती. तिसरं वाक्य टिकवायला सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण हरकत असताना पैसे चालू ठेवायचे म्हटलं की वित्त विभाग विचारणार. शेवटी "जास्तीत जास्त ९० दिवस" असं घालून ते वाचलं. दुसऱ्या योजनेच्या परिपत्रकात ती तीन वाक्यं गेली. माझ्या सतरा वर्षांतलं सगळ्यात मोठं काम मी कुठलं समजते विचाराल तर ही तीन वाक्यं.

ह्याच प्रकाराचं मोठं रूप तेलंगणात झालंय. तिथं वेगवेगळ्या खात्यांचा डेटा जोडून कुटुंबाची माहिती काढणारी समग्र वेदिका नावाची प्रणाली आहे. तिथं २०१६ पासून लाखो रेशनकार्डं रद्द झाली, कित्येकांच्या घरी कुणी जाऊन बघितलंच नाही, आणि एप्रिल २०२२ मधे सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की रद्द केलेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करा. आधी काढलं आणि मग तपासलं. क्रम उलटा असता तर कोर्टापर्यंत जायची वेळच आली नसती.

आता व्याख्येबद्दल, कारण इथं इंजिनिअरचा उपयोग फार आहे आणि नुकसानही इथंच होतं. इंजिनिअर मंडळींना "एआय म्हणजे काय" ह्याची अचूक व्याख्या करायची भारी हौस असते, डेटावरून शिकणारं न्यूरल नेटवर्क असेल तर एआय, माणसानं लिहून दिलेले साधे नियम असतील तर नाही. पण ऑस्ट्रेलियाचं रोबोडेट आठवा. तिथं सरकारनं लोकांचं वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांमधे सारखं वाटून टाकलं आणि त्यावरून भत्ता जास्त घेतला असं ठरवून लाखो लोकांना वसुलीच्या नोटिसा पाठवल्या. ज्यांना वर्षातून चारच महिने काम मिळालं त्यांचा हिशोब अर्थातच चुकला. २०२३ मधे रॉयल कमिशनचा, म्हणजे तिथल्या चौकशी आयोगाचा, अहवाल आला, त्यात ह्या योजनेची पार चिरफाड झाली. ह्यात एआय कुठं होतं? भागाकार होता नुसता! तुमच्या धोरणाची व्याख्या "मशीन लर्निंग वापरणारी प्रणाली" अशी असेल तर रोबोडेट त्यातून सहीसलामत सुटतं. म्हणून मी व्याख्या तंत्रावर करूच देत नाही, परिणामावर करते: "ज्या संगणकीय प्रक्रियेच्या निष्कर्षावरून व्यक्तीचा लाभ, परवाना, प्रवेश, नोकरी किंवा स्वातंत्र्य ह्यांवर परिणाम होतो अशी कोणतीही प्रक्रिया." एक्सेलची शीट असली तरी त्यात आली.

व्याख्या सैल ठेवली की काय होतं ते न्यूयॉर्कमधे दिसतं. त्या शहरानं २०२१ मधे कायदा केला, की नोकरभरतीत असं स्वयंचलित साधन वापरत असाल तर पक्षपाताचं ऑडिट करून निकाल जाहीर करा. अंमलबजावणी जुलै २०२३ पासून. पण साधन निर्णयाला "भरीव मदत" करतं की नाही हे ठरवायचं कुणी, तर कंपनीनं स्वतःच. संशोधकांनी ३९१ कंपन्या तपासल्या तर ऑडिट प्रसिद्ध केलेल्या फक्त १८ सापडल्या. बाकीच्यांनी कायदा मोडला असंही ठामपणे म्हणता येत नाही, कारण आम्ही त्यात बसतच नाही असं म्हणायची सोय कायद्यानंच दिलेली. इतका गाजलेला कायदा आणि एका शब्दात वाया गेला.

हे वाचून मी प्रत्येक गोष्टीवर निर्बंध हवेत असं म्हणतेय असं समजू नका. ड्रोनचं उदाहरण उलटं आहे. मार्च २०२१ चे नियम इतके जाचक होते की २५ फॉर्म आणि ७२ प्रकारची फी होती, लोकांनी ओरड केली, जुलैमधे नवा मसुदा सूचनांसाठी आला आणि ऑगस्टमधे नवे नियम, ५ फॉर्म आणि ४ प्रकारची फी. पाच महिन्यात. आज शेतात फवारणीचे ड्रोन दिसतात ते त्या मोकळिकीमुळे सोपं झालं. महाराष्ट्र सरकारनं २०२५ मधे शेतीतल्या एआयसाठी महाअ‍ॅग्री-एआय धोरण मंजूर केलंय, तिथं उसाला पाणी कधी द्यायचं हे मॉडेल सांगत असेल तर मला त्यावर परवान्याचं ओझं अजिबात नकोय, सल्ला चुकला तर शेतकरी आपलं डोकं वापरून तो बाजूला ठेवू शकतो. पण त्याच शेतकऱ्याचा पीकविम्याचा दावा मॉडेलच्या भरवशावर नाकारायचा असेल तर तिथं कडक नियम पाहिजेत, कारण ते "नाही" त्याला बाजूला ठेवता येत नाही. माझी सगळी विभागणी ह्या एका जागी होते.

आणि नवा कायदा येईपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही, हे मला फार कळकळीनं सांगायचंय. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४(१)(घ) उघडून वाचा. प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्यावीत असं त्यात सरळ लिहिलंय. "कॉम्प्युटरनं नाकारलं" हे कारण होत नाही. आपल्या राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत, नकाराचं लेखी कारण, प्रथम अपील, द्वितीय अपील, वर आयोग, सगळी शिडी तयार आहे. उद्या एखादी अधिसूचित सेवा एआयवर गेली तर ती शिडी तिथून काढून घेऊ नका, एवढं जरी शासन निर्णयात लिहून घेतलं तरी लाखो लोकांचं भलं होईल. युरोपात ह्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडले, आपल्याकडे अर्धा हक्क आधीच कपाटात पडून आहे आणि आपण तो एआयला लावून बघत नाही.

मोठा कायदा यायला वेळ लागतो हेही मनाशी पक्कं धरा. लोकांच्या वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदाच बघा. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सुप्रीम कोर्टाचा निकाल ऑगस्ट २०१७ चा. श्रीकृष्ण समितीचा अहवाल जुलै २०१८, विधेयक २०१९, मागे घेतलं २०२२ मधे, कायदा ऑगस्ट २०२३, नियम नोव्हेंबर २०२५, आणि त्यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायला पुढे अजून १८ महिने. ह्या काळात जे फक्त कायद्याची वाट बघत होते त्यातले कित्येक कंटाळून कॉर्पोरेटमधे परत गेले. ज्यांनी टेंडर, परिपत्रक, शासन निर्णय ह्यांवर काम केलं त्यांना दरवर्षी काहीतरी हाताला लागत राहिलं.

आता डिग्रीचं. एक वर्ष आणि पैसे असतील आणि कायद्याची भाषा अजिबात येत नसेल तर करा, वाया जाणार नाही. पण नोकरी सोडून लगेच करू नका. आधी सहा महिने शनिवार-रविवार हे करून बघा. राज्याच्या शासन निर्णयांच्या वेबसाइटवर जाऊन संगणकीय प्रणाली आणण्याबद्दलचे जीआर वाचायला घ्या, सुरुवातीला कंटाळवाणे वाटतील, दहाव्या जीआरनंतर "वाचा" खाली दिलेल्या जुन्या जीआरची साखळी लागायला लागेल आणि कुठल्या खात्यात काय शिजतंय ते कळेल. महाटेंडर्स ह्या राज्याच्या निविदांच्या वेबसाइटवर "फेशियल रेकग्निशन", "अ‍ॅनालिटिक्स", "डी-डुप्लिकेशन" असे शब्द टाकून निविदा शोधा. बोली लावायच्या आधी शंका विचारायची प्री-बिड मीटिंग असते, तिला बोली लावणारेच बसतात, पण त्या तारखेच्या आधी खात्याला लेखी सूचना पाठवायला तुम्हाला कुणी अडवत नाही आणि चूक दाखवलीत तर शुद्धिपत्रक निघू शकतं, मी निघालेलं बघितलंय. एक दिवस सेतू केंद्रात नुसतं बसून या, लोक कुठल्या स्क्रीनला अडकतात ते बघा. केंद्राचा मसुदा आला तर तारीख बघा. २०१४ च्या धोरणाप्रमाणे कायद्याच्या मसुद्यावर निदान ३० दिवस सूचनांसाठी द्यायला हवेत, कमी दिले असतील तर आधी मुदतवाढ मागा.

लिहिताना तीन रकाने करा. मसुद्यातलं वाक्य, तुमचं सुचवलेलं वाक्य, आणि कारण. कारण पाच ओळींच्या वर नको. आणि राज्याचं असेल तर मराठीत लिहा, चांगल्या मराठीत, कारण टिपणी मराठीतच चढते आणि इंग्रजीतून आलेलं वाक्य कुणीतरी घाईत भाषांतर करतं तेव्हा "करावे"चं "करता येईल" होऊन बसतं. ह्या एका क्रियापदानं माझं एक अख्खं कलम गेलंय.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, पगार तुमच्या आत्ताच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास येईल असं धरून चला, घरी आधी बोलून घ्या.

पहिलं निवेदन लिहून झालं की पाठवायच्या आधी मला दाखवा. निवेदन पूर्ण नको, फक्त मधला रकाना पाठवा.